रकान्यातला साप

कोकिळेच्या आईला साप चावला नव्हता. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त कोकिळेला.

मला तर चांगलंच माहीत होतं, कारण आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले होते. शिंदखेडा तालुक्यातल्या त्या गावात मी प्राथमिक शाळेची शिक्षिका होते. साल १९७८. कोकिळा दुसरीत होती आणि दोन दिवस शाळेत आली नव्हती. मूल आलं नाही की त्याच्या घरी जाऊन चौकशी करायची, ही माझी सवय होती. तिची आई बेबाबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. दिवस आठव्या महिन्याचे. चेहरा इतका सुजला होता की क्षणभर मी तिला ओळखलंच नाही. बांगड्या मनगटात रुतल्या होत्या.

"बाई, डोकं फुटस," ती म्हणाली. "डोयापुढे चांदण्या चमकतस."

तिची नणंद भिकुबाई आतून म्हणाली, "पोऱ्या शे पोटमा, म्हनीसन सूज शे."

मी लिंबाचं सरबत करून बेबाबाईला पाजलं. मीठ जरा जास्तच घातलं, अंगात ताकद यावी म्हणून. कोकिळेला उद्यापासून शाळेत पाठवा असं सांगितलं आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी बेबाबाईला झटके आले. कोकिळेला तेव्हा शेजारच्या घरी नेऊन बसवलं होतं. दातखीळ बसली, जीभ चावली गेली. बैलगाडी जुंपेपर्यंत ती गेली होती, आणि पोटातलं मूलही.

पोटुशी बाई मेली की ती हडळ होऊन परत येते, असं गावात मानत. म्हणून तिच्या तिरडीमागे घरापासून नदीपर्यंत मोहरी टाकत गेले. परत यायचं तर तिला एकेक दाणा वेचावा लागेल आणि तोवर उजाडेल, असा हिशोब. काल तिच्या हातची भाकर खाल्लेली माणसं मुठी भरभरून मोहरी टाकत होती. मी शाळेच्या दारातून पाहत होते. मग आत जाऊन मी हजेरी घेतली.

चौथ्या दिवशी कोकिळा शाळेत आली. फ्रॉकचा घोळ दोन्ही हातांनी धरला होता. त्यात माती मिसळलेली मोहरी होती.

"बाई, कोनी तरी आम्हनी मोहरी सांडी दिधी व्हती," ती म्हणाली. "मी बठ्ठी येची लिधी. आई रागे भरी नही तं."

त्याच दुपारी भिकुबाई आली. तिचा भाऊ, म्हणजे कोकिळेचा बाप सुकदेव, सुन्न होऊन बसला होता. घराचं आता तीच बघणार होती. "बाई, पोर इचारी तं सांगज्यात, मायले पान लागनं." आमच्याकडे साप चावला असं कुणी सरळ म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. "हडळनी पोर म्हनीसन कोन करी तिले? तिनं लगीन व्हवाले पाहिजे का नही?"

मी हो म्हणाले. नुसतं हो म्हणून थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मी शिक्षिका. मुलं विचारायला लागली, तेव्हा मी कपाटातून सापांचा तक्ता काढला आणि धडा घेतला. विषारी कोणते, बिनविषारी कोणते, चावल्यावर काय करायचं. फार छान धडा झाला. शेवटी कोकिळा उठून तक्त्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, मन्ही आईले कोनता?"

मी मण्यारवर बोट ठेवलं. तिला त्याचे पट्टेही मोजायला लावले.

*

पुढे कोकिळा सातवीपर्यंत शिकली, घरात राबली, मोठी झाली. मी निवृत्त होऊन धुळ्याला देवपुरात राहायला आले. ९१ साली तिच्यासाठी स्थळ आलं. मुलगा मगन एसटीत कंडक्टर, धुळे डेपोत. त्याची आई मंजुळाबाई फार चौकस. मुलीच्या गावात सगळे एकमेकांचे सोयरे, ते खरं सांगणार नाहीत, म्हणून ती थेट माझ्या घरी आली.

"बाई, तुम्ही मास्तरीण. तुम्ही खोटं बोलाव नही. पोरनी माय कशी मरनी?"

"पान लागलं," मी म्हणाले, आणि तिच्यापुढे चहा ठेवला.

मेच्या कडक उन्हात लग्न लागलं. मला मानाची साडी मिळाली. ती मी अजून एकदाही नेसलेली नाही.

पुढच्या फेब्रुवारीत एका दुपारी कोकिळा आणि मगन माझ्याकडे आले. मगनची ड्यूटी संपली होती, खांद्याला तिकिटांची पेटी तशीच होती. कोकिळेनं पाया पडून हसत सांगितलं की तिसरा महिना चालू आहे. गावच्या उपकेंद्रात नाव घातलं होतं. नर्सबाईंनी दिलेलं कार्ड तिनं कौतुकानं दाखवलं. मुलांच्या वह्या तपासण्यात आयुष्य गेलेलं, कागद हातात आला की मी वाचतेच. रक्तदाब १२०/८०. लघवी तपासणी: निरंक. घरातील आजार: निरंक. आई: सर्पदंश.

तो शब्द मी दुसऱ्याच्या अक्षरात दोनदा वाचला.

"दंडाला पट्टा बांधून दाब बघितला का गं?" मी विचारलं.

"नही बाई. नाव सांगं, तं त्यास्नी लिखीच टाकं."

"मन्ही वहिनीना कार्डवर बी हाऊच आकडा शे," मगन म्हणाला. "आम्हना घरमा बठ्ठास्ना दाब सारखा. घराणं चांगलं शे." आणि आपल्याच विनोदावर हसला.

मला हसू आलं नाही. वर्गातल्या चाळीस मुलांच्या पाटीवर एकच उत्तर असलं, तर बरोबर असो की चूक, ते कुणीतरी एकानंच लिहिलेलं असतं.

*

तीन दिवसांनी मी एसटीनं तिच्या सासरच्या गावी गेले. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. दारात शेळी बसलेली, तिच्या लेंड्या उंबऱ्यापर्यंत आलेल्या. आत नर्स इंदिराबाई टेबलावर डोकं टेकून बसल्या होत्या. चाळिशीच्या असतील. पायात साध्या चपला, टाचा भेगाळलेल्या. पाच गावं त्या पायी फिरत.

मी ओळख सांगितली आणि रजिस्टर बघायला मागितलं. त्यांनी खुशाल पुढे सरकवलं. पानांच्या कडांना तंबाखूच्या चुन्याचे पांढरे ठसे होते. एका पानावर बावीस बायका. रक्तदाबाच्या रकान्यात बावीस वेळा १२०/८०. दुसऱ्या पानावरही तेच. नंतर नंतर तर आकडाही लिहिलेला नव्हता, 'वरच्यासारखंच' अशा अर्थाच्या दोन तिरप्या रेघा खालपर्यंत ओढलेल्या.

"दाबाचं मशीन कुठे आहे?"

त्यांनी कपाटातली पेटी काढून उघडली. आत झुरळांची अंडी, वाळलेली पाल, आणि अस्तराच्या घडीत पाऱ्याचे चार थेंब इकडून तिकडे पळत होते. रबरी फुगा चिरलेला. कुबट वास आला आणि मी नाकाला पदर लावला.

"दोन वर्षं झाली बंद पडून," त्या म्हणाल्या. "तीनदा लिहून दिलं."

"मग रकाना रिकामा का नाही ठेवत?"

"मीटिंगला उभं करतात बाई. रकाना रिकामा का, म्हणून. भरलेला रकाना कुणी वाचत नाही. रिकामाच तेवढा वाचतात."

"आणि एखादी बाई मेली तर?"

"ती माहेरी मरते," इंदिराबाई शांतपणे म्हणाल्या. "पहिलं बाळंतपण माहेरचं. ते दुसऱ्या उपकेंद्राच्या रजिस्टरला."

मला त्या बाईची, त्या टेबलाची, चुन्याच्या ठशांची इतकी किळस आली की मी उठलेच. आवाज जराही न चढवता मी त्यांना सांगितलं की शाळेतलं सगळ्यात ढ मूलही इतकं निर्लज्जपणे नक्कल करत नाही.

त्या रागावल्या नाहीत. उलट रजिस्टर माझ्याकडे फिरवून म्हणाल्या, "दाबाचा रकाना माझा आहे, मान्य. पण हा शेजारचा नाही. आईला काय झालं, बहिणीला काय झालं, हे मी ज्याला त्याला विचारते. चालत जाऊन विचारते. तुमच्या कोकिळेच्या सासूनं सांगितलं साप, मी लिहिलं साप. त्यांना म्हणे कोण्या मास्तरणीनं सांगितलं."

मी तिथून बाहेर आले. शेळी अजून तिथेच होती. स्टँडपर्यंत चालताना माझ्या हाताला त्या रजिस्टरचा चुना लागलेला दिसला. मी तो साडीला पुसला, पुन्हा पुसला. दोन रकान्यांत दोन खोट्या नोंदी होत्या, आणि त्यातली एक माझी होती.

*

धुळ्यात डॉक्टर बऱ्हाटेबाईंचं लहानसं प्रसूतिगृह होतं. भुसावळकडच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. मी आधी एकटीच त्यांच्याकडे गेले आणि बेबाबाईचं सगळं सांगितलं: सूज, डोकेदुखी, चांदण्या, झटके. सरबताचंही सांगितलं.

"त्या वेळी मीठ घालून वा न घालून काही फरक पडला नसता," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात नेलं असतं तर पडला असता."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. हा आजार गरोदरपणातल्या दाबाचा. बहुधा पाचव्या महिन्यानंतर डोकं वर काढतो. कुणाला होईल हे तिसऱ्या महिन्यात ठामपणे सांगणारी तपासणी अजून कुणाकडे नाही. पण कुणावर नजर ठेवायची हे ठरवता येतं. पहिलंच बाळंतपण आहे का, दाब सुरुवातीलाच चढा आहे का, आणि आईला किंवा बहिणीला हेच झालं होतं का.

"तुम्ही जूनमध्ये नव्या वर्गात पाऊल टाकता," त्या म्हणाल्या, "तेव्हा कोण नापास होणार हे माहीत नसतं. पण कुणाला पहिल्या बाकावर बसवायचं ते कळतं की नाही?"

"कळतं. घरची परिस्थिती विचारली की कळतं."

"तेच. आणि घरचे खोटं बोलले, तर मूल मागच्या बाकावर जातं. तिला घेऊन या. सासूलाही आणा, कारण पथ्यपाणी आणि फेऱ्या तिच्याच हातात आहेत."

मी आधी भिकुबाईकडे गेले. वाटलं, तिच्या तोंडून निघालं तर बरं. ती शेंगा फोडत बसली होती.

"चौदा वरीस व्हयी गयात," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आते कसाले उकरतस? पोर सासरले सुखमा शे. हडळनी पोर म्हनीसन तिले काढी देतीन, मंग तुम्ही ठेवशात का?"

"ठेवीन."

"आनि साप कोन सांगं? तुम्हीच ना? मी अंगूठा लावनारी. तुम्ही मास्तरीण." तिनं टरफलं सुपात ढकलली. "तुम्हना तोंडवरच लगीन व्हयनं."

तिनं शेंगांची एक ओंजळ माझ्यापुढे केली. मला ती घेववली नाही.

*

पुढच्या सोमवारी आम्ही चौघं डॉक्टरांपुढे बसलो: कोकिळा, मगन, मंजुळाबाई आणि मी. मंजुळाबाईनं ठेवणीतलं नऊवारी नेसलं होतं. सुनेला धुळ्याच्या डॉक्टरला दाखवतो, याचा तिला अभिमान वाटत होता.

डॉक्टरांनी कोकिळेच्या दंडाला पट्टा बांधला. ती आयुष्यात पहिल्यांदाच ते पाहत होती. पारा चढताना डोळे मोठे करून बघत राहिली. डॉक्टरांनी एकदा मोजलं, पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजलं. एकशेछत्तीस, अठ्ठ्याऐंशी.

"कार्डावर तं १२०/८० व्हतं," मगन म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

"कोकिळा, तुझी आई कशानं गेली?"

"पान लागनं. मण्यार." ती पाठ केल्यासारखं म्हणाली. पाठ मीच करून घेतलं होतं.

मंजुळाबाईनं मान डोलावली. डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या. खोलीत फिनेलचा वास होता. मी बोलायला तोंड उघडलं आणि माझा आवाज मला परका वाटला.

"साप नव्हता," मी म्हणाले. "ती आठ महिन्यांची पोटुशी होती. अंग सुजलं होतं, डोकं दुखत होतं. झटके येऊन गेली. मी आदल्या दिवशी तिथे होते. मंजुळाबाई, मी तुमच्याशी खोटं बोलले."

मंजुळाबाई माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तुम्हना घर बठीसन मी इचारं. तुम्हना हातना चहा पिनू. तुम्ही मन्हा तोंडवर साप सांगा." तिनं पदरानं तोंड पुसलं, जणू तो चहा अजून ओठांना लागलेला होता. "हडळनी पोर मन्हा घरमा घाली दिधी. थू."

ती थुंकली नाही, शब्दच बोलली. पण मला ते तोंडावर बसल्यासारखं वाटलं. ते माझ्याच वाट्याचं होतं.

"आई," डॉक्टर तिला म्हणाल्या, "माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांच्या आया सापानं मेल्यात नाहीतर विहिरीत पडून. एवढे साप असते तर धुळ्यात उंदीर उरले नसते. हडळ वगैरे काही नाही. हा आजार आहे, याचं नाव आहे, आणि आज कळलं म्हणून सहा महिने हातात आहेत."

मंजुळाबाई उठून मगनला म्हणाली, "चाल. हिले हिना बापना घर सोडी ये."

मगन उठला नाही. पायाकडची तिकिटांची पेटी त्यानं उगाच सरकवली. "आई, तिकीट फाडेल शे," तो म्हणाला. "आते आंधेमधे उतारता येत नही."

कोकिळा माझ्याकडे बघत नव्हती. टेबलाच्या काचेखाली एक कॅलेंडर होतं, त्यातले चौकोन ती बोटानं मोजत होती. लहानपणी मण्यारचे पट्टे मोजायची, अगदी तसंच.

*

डॉक्टरांनी नवं कार्ड केलं आणि त्याच्या कोपऱ्यावर लाल पेन्सिलीनं फुली मारली. दर पंधरा दिवसांनी दाब. दर वेळी लघवी काचेच्या नळीत घालून दिव्यावर तापवायची. अंड्याच्या पांढऱ्यासारखं काही साकळलं तर त्याच दिवशी दाखल. रोज एक छोटी गोळी, तापावरच्या गोळीचा पाव भाग. "याचा उपयोग होतो असं काही जणांना दिसलंय," त्या म्हणाल्या. "परदेशात अजून प्रयोग चालू आहेत. मी खात्री देत नाही. नजर ठेवण्याची मात्र देते." आणि बाळंतपण माहेरी नाही. सातव्या महिन्यापासून दवाखान्याच्या जवळ राहायचं.

जवळ म्हणजे माझं घर. सातवा लागताच मगननं तिची पेटी आणून ठेवली. मंजुळाबाई आली नाही. तिनं गावात सांगितलं, की सुनेला धुळ्याचं पाणी मानवतं.

कोकिळा माझ्याकडे सव्वा महिना राहिली. माझ्या स्वयंपाकघरात काम करायची, विचारलं तेवढंच बोलायची. लहानपणापासून मला बाई म्हणणारी मुलगी आता मला कशानंच हाक मारत नव्हती. जेवताना ताट घेऊन दाराकडे तोंड करून बसायची. मी वाढायला गेले की हात ताटावर आडवा धरायची. मला तिचा राग येत नव्हता. तिच्या जागी मी असते तर या घरचं पाणीही प्यायले नसते.

एका दुपारी गहू निवडता निवडता ती परक्याशी बोलावं तशी शुद्ध मराठीत म्हणाली, "माझी आई कशी मेली ते सांगा. धड्यासारखं. पहिल्यापासून."

मी सांगितलं. ओटा, सूज, रुतलेल्या बांगड्या, चांदण्या, सरबत. मोहरी कुणी टाकली आणि का टाकली, तेही सांगितलं. तिनं गव्हातला एक खडा बाजूला टाकला.

"मी ती मोहरी वेचून आणली तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"हात धुवायला सांगितले."

"मोहरी?"

"फेकून दिली."

ती मान खाली घालून निवडत राहिली. मग म्हणाली, "आई त्या वाटेनं परत आली असती, तर मी तिला वेचू लागले असते."

त्यानंतर चार दिवसांनी, आठव्या महिन्यात, ती सकाळी न्हाणीतून बाहेर आली आणि बोटातली अंगठी फिरवत म्हणाली, "निघत नाही." मी तिचा चेहरा पाहिला. डोळ्यांखाली पाणी भरल्यासारखं. रिक्षा आणायला मी स्वतः धावले. त्या वयातही धावले.

एकशेसाठ, एकशेदहा. डॉक्टरांनी नळी दिव्यावर धरली आणि ती माझ्या डोळ्यांसमोर पांढरी झाली, फाटलेल्या दुधासारखी. चौदा वर्षांपूर्वी तीच गोष्ट बेबाबाईच्या पोटात चालू होती आणि मी लिंबू पिळत होते.

झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शनं दिली. खोलीत अंधार ठेवला. दाब कधी उतरायचा, कधी पुन्हा चढायचा. डॉक्टरांनी तिला उठू दिलं नाही, आणि असे अडीच आठवडे काढून मग कळा आणल्या. मुलगी झाली, पावणेदोन किलोची, चिमणीच्या पिलासारखी. रडली. कोकिळेला एकही झटका आला नाही.

डॉक्टर बाहेर येऊन हात पुसत म्हणाल्या, "पहिल्या बाकावर बसवलेलं मूल पास झालं."

*

बारसं सासरच्या गावी दीड महिन्यानं केलं. मुलगी अजून लहानखुरीच होती. घरभर बायका. पितळी परातीत घुगऱ्या, पाळण्याला झेंडूची माळ. दारात पाऊल टाकलं आणि मला पहिला धक्का बसला: भिकुबाई आणि मंजुळाबाई मांडीला मांडी लावून बसल्या होत्या, पान खात, जन्माच्या मैत्रिणी असल्यासारख्या.

शेजारची एक म्हातारी विचारत होती, "येवढा दिन दवाखानामा कसाले व्हती सून?"

"कावीळ," मंजुळाबाई म्हणाली.

"कावीळच," भिकुबाईनं लगेच जोड दिली. "धुयानं पानी. डोया पिवया धमक व्हयेल व्हत्यात."

मी उंबऱ्यातच उभी राहिले. पानाचा लाल रस भिकुबाईच्या ओठांच्या कोपऱ्यातून ओघळला आणि तिनं तो बोटानं आत ढकलला. दीड महिन्याच्या पोरीचं लग्न वीस वर्षांनी व्हायचं होतं, आणि या दोघींनी तिच्यासाठी साप आजच पाळायला घेतला होता. या वेळी त्याचा रंग तेवढा पिवळा होता.

म्हातारी माझ्याकडे वळली. "बाई, तुम्हना घर व्हती ना ती? कावीळच ना?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मंजुळाबाईच्या डोळ्यांत विनवणी होती, भिकुबाईच्या डोळ्यांत जुना करार. मी तोंड उघडलं.

"थांबा बाई," कोकिळा म्हणाली.

सात महिन्यांत पहिल्यांदा तिनं मला बाई म्हटलं. ती पाळण्याजवळ उभी होती, मुलगी खांद्यावर. आवाज चढवला नाही. वर्गात उभी राहून उत्तर द्यायची, तशीच बोलली.

"कावीळ नही. रक्तदाब व्हता. एकशेसाठ, एकशेदहा. मन्ही मायले बी तोच व्हता, पोटमा बाय व्हतं तवय. तिले पान नही लागनं. ती झटकास्मा मरनी. मन्ही पोरले तिना दिन जातीन तवय तिना डॉक्टरले हाई बठ्ठं सांगानं शे. कोन्ही भुलाले नको म्हनीसन मी तिना कार्डवर लिखी ठेयेल शे."

एक-दोघींनी घुगऱ्यांची मूठ तोंडाजवळ नेऊन तशीच परत परातीत ठेवली. एक बाई आपल्या सुनेचा दंड धरून तिला बाहेर घेऊन गेली. त्या सुनेलाही दिवस होते. उंबऱ्यावरून ती मागे वळून वळून कोकिळेकडे बघत होती.

मंजुळाबाई उठून आत निघून गेली. भिकुबाई मात्र धडपडत चुलीकडे गेली आणि मीठ-मोहरीची मूठ घेऊन आली. पोरीवरून ओवाळायला हात वर केला. घाईत दाणे बोटांच्या फटींतून शेणानं सारवलेल्या जमिनीवर गळत होते.

कोकिळेनं मुलगी माझ्या हातात दिली. मग खाली बसली आणि एकेक दाणा वेचायला लागली.

"मोहरी सांडू नको, फुई," ती आत्याला म्हणाली. "आम्हना घरमा ती फोडणीले लागस."